गावाचं सुतक

बायजाकाकूंची खाट घरात एका जागी महिनाभरसुद्धा टिकली नाही. आज खिडकीखाली, पुढच्या अमावस्येला चुलीकडच्या भिंतीला, उन्हाळ्यात तर चक्क दारात आडवी. एकट्या बाईचं घर ते. मूल नाही, नवरा जाऊन जमाना झालेला, अडवणार कोण? मी नवी नवरी म्हणून त्यांच्या शेजारात आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांनी कुडावरून हाक मारली, "ये वं नवी, धर जरा खाटेचं एक टोक!" मी डोक्यावरचा पदर सावरत गेले, टोक धरलं आणि न राहवून विचारलं, "काहून जी काकू, सारखी हलवता?"

"एकाच जागी निजलं ना बाई, का सपनं बी तेच ते पडते. जागा बदलली का नवीन पडते." एवढं बोलून स्वतःच अशा हसल्या, की त्यांच्या हातून खाट सुटली आणि माझ्या पायावर पडली. त्या लंगडणाऱ्या नवरीला त्यांनी लाखोरीच्या डाळीचे वडे खाऊ घातले. आमची ओळख ती अशी.

काकू आता नाहीत. पण त्यांचं नाव निघालं, की आमच्या गल्लीत अजून कोणी तरी आधी हसतं आणि मग डोळे पुसतं. उलटं कधी होत नाही. म्हणून म्हटलं, ज्यांनी त्यांना पाहिलंच नाही, त्यांना तरी सांगावं.

आमचं गाव पवनीकडचं, वैनगंगेच्या काठाला. म्हणजे होतं. धरणाचं पाणी चढत येणार हे आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो, की ते खरंच येईल असं कोणालाच वाटत नव्हतं. मग एक दिवस आलंच. चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले गेले आणि ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. लोकांनी जुन्या घराचे दरवाजे, चौकटी, छपराची लाकडं म्हणजे मयाली, सगळं उपटून ट्रॉलीत भरलं. बाया तर चुलीची मातीसुद्धा पदरात बांधून निघाल्या. काकूंनी मात्र दाराला हात लावला नाही.

मी म्हटलं, "काकू, सागवानाचं दार आहे तुमचं. घ्या ना."

"नव्या घराले जुनं तोंड कायले वं?" त्या म्हणाल्या आणि ट्रॉलीत खाट टाकून तिच्यावर जाऊन बसल्या. सगळं गाव रडत होतं. मी तर इतकी रडले, की मला रस्ताच दिसला नाही. आणि या बाई वरून ओरडत होत्या, "ए ड्रायव्हरबापू, त्या वळणावर जराक हळू चालव, मले शेतं पाहायचे आहेत! इकडून कधी पायलेच नाई मी!"

मला राग आला. खरंच आला. नव्या जागी उतरल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला काहीच वाईट वाटत नाही का हो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचेही डोळे लाल होते, ते मला आत्ता जवळून दिसलं. "वाटते ना वं. कसं नाई वाटन? पन रडनं आन रांधनं सोबत होते. चुलीपुढं तसं बी डोळ्यातून पानी येतेच. चाल, चुलीले तीन दगड पाय."

नवी जागा म्हणजे काय, तर उघडं माळरान. आमचे लोक आजही तिला पुनर्वसनच म्हणतात. सरळ सरळ रांगा, विजेचे खांब, आणि सगळी घरं एका साच्यातली. तेच पत्र्याचं दार, तोच पिवळा रंग. सावलीला झाड म्हणून नाही. सगळ्यात वाईट हे, की चिठ्ठ्यांनी शेजार मोडले. ज्यांच्या भिंतीला भिंत होती ते दोन टोकांना गेले. काकू शेवटच्या रांगेत पडल्या. एका बाजूला बौद्ध मास्तरांचं घर, दुसऱ्या बाजूला मासे धरणाऱ्या ढिवरांचं. गावात असताना या दोन्ही मोहल्ल्यांशी आमचं येणंजाणं लग्नाकार्यापुरतं. बाया म्हणाल्या, बिचाऱ्या काकू, कोणाच्यात जाऊन पडल्या. काकू म्हणाल्या, "नवरा तरी मी कुठं निवडला होता? तरी निभवलं ना. शेजारी त्याच्यापेक्षा बरे आहेत, बोलतेत तरी!"

घरं सारखी असल्यानं गमती फार व्हायच्या. दामूभाऊ म्हणजे गावातले जुने जाणते, रीतभात सगळी त्यांच्या तोंडी. काकू नात्यानं त्यांच्या वहिनी. एकदा ते भर दुपारी शेतातून आले ते थेट काकूंच्या घरात शिरले, खुंटीला टोपी लावली आणि डोळे मिटून म्हणाले, "पानी आन वं." काकूंनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, जेवन बी वाढू का? पन मग तिकडं तुमची बायको कोनाले वाढन?" दामूभाऊ टोपी तिथंच सोडून पळाले. आठवडाभर ती टोपी काकूंच्या खुंटीवर होती आणि काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवत होत्या.

हसत होतो, पण आतून सगळे पोखरलेले. माझं दुखणं तर वेगळंच. माझा प्रकाश लग्नाचा. लाखांदूरकडच्या एका चांगल्या घरची मुलगी पाहिलेली, दोन्हीकडून पसंती झालेली. मुलीचे वडील बिसनजी. गाव हललं आणि त्यांचा निरोप आला, "आधी गाव बसू द्या, मग पाहू." याचा अर्थ काय ते प्रत्येक मुलाच्या आईला कळतं. नुसत्या खांबांच्या माळरानावर कोण आपली लेक देईल? प्रकाश कामावरून यायचा, जेवायचा आणि गच्चीवर जाऊन बसायचा. मी काकूंपुढे रडले, की त्या म्हणायच्या, "त्यानं नाई म्हटलं का? नाई ना? गाव बसू द्या म्हटलं. मंग गाव बसवू. त्याच्यात का आहे?"

दिवाळी जवळ आली. आमच्या भंडाऱ्याकडे भाऊबीज झाली, की मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे गावाची जत्राच, पण खरं महत्त्व पाहुण्यांना. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. ज्या गावची असेल तिथं साऱ्या पंचक्रोशीतले सोयरे घरोघर जेवायला येतात, दंडारीचा नाच होतो, आणि पोरीबाळींची लग्नं तिथंच जुळतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. आमचाही होता. आणि दामूभाऊंनी बैठकीत सांगितलं, "यंदा मंडई नाई. गाव मेलं आपलं. सुतक आहे. वरीसभर सन नाई करायचा."

घरात माणूस गेलं, की त्या वर्षी सण करत नाहीत, ही रीत सगळीकडेच आहे. पण गाव गेलं म्हणून गावानं सुतक पाळायचं, हे आमच्याच लोकांना सुचावं! आणि सांगते, त्या वेळी कोणालाच ते चुकीचं वाटलं नाही. मलाही नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाया डोळ्याला पदर लावू लागल्या.

मागून आवाज आला, "कोन मेलं?"

काकू उभ्या होत्या. कमरेवर हात.

दामूभाऊ म्हणाले, "गाव मेलं, वहिनी."

"नाव सांगा ना. कोन मेलं? तुमी मेले का भाऊजी?"

"वहिनी, थट्टेची येळ नाई हे."

"मी कुठं थट्टा करून राहिली? मी मेली का?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "ही शांता मेली का? जमीन बुडाली, घरं बुडाले, मातामायचा पार बुडाला. पन गाव माह्या डोळ्यादेखत टॅक्टरवर बसून आलं! मी होती ना त्याच ट्रॉलीत!"

कोणी तरी फिसकन हसलं. दामूभाऊंचा चेहरा काळा झाला. म्हातारा माणूस, त्यांच्या आजोबांनी लावलेला वड पाण्यात गेला होता. ते म्हणाले, "तुमाले हसू येते. माहं काळीज जळून राहिलं. मले सुतक आहे. पाळू द्या."

आणि इथं मी काकू पाहिल्या. वाद जिंकण्याचं त्यांच्या मनातच नव्हतं. त्या पुढे गेल्या, दामूभाऊंसमोर जमिनीवर बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बरं भाऊजी. सुतक आहे. मानलं. मंग मले सांगा, सुतकाच्या घरचा दुखवटा कोन काढते? घरचे काढते का?"

"घरचे कसे काढतीन? सोयरे येतेत. गोड घेऊन येतेत, तोंडात घालतेत, मंग दुखवटा निघते."

"मंग सोयऱ्याईले बलवा. घरादाराले सुतक आन सोयऱ्याईले पत्ताच नाई, अशी कोनती रीत आहे जी?"

दामूभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. रीत त्यांचीच होती.

"आन सोयरे सारे एका दिवशी कवा येतेत?" काकू उठल्या, लुगड्याची धूळ झटकली. "मंडईच्या दिवशी. झालं तं मंग."

बैठकीत असा कल्ला झाला, की विचारू नका! कोणी म्हणे असं कधी झालं नाही, कोणी म्हणे व्हायला काय हरकत आहे. काकू म्हणाल्या, "कधी झालं नाई म्हनून तं पाहायचं कसं होते ते. झालेलं कोन पाहायले येईन?"

दुसऱ्या दिवशी त्या प्रकाशच्या पुढ्यात येऊन बसल्या, "बापू, तुह्या त्या फोनात माहा आवाज भर आन साऱ्याईले धाड." प्रकाशनं फोन धरला. काकूंनी त्यात जवळजवळ तोंडच घातलं. "मी बायजा बोलून राहिली, शेवटच्या रांगेतली. आपलं गाव गेलं. आमी सारे सुतकात आहो. मंडईच्या दिवशी दुखवटा काढायले येजा. गोड घेऊन येजा. रडायचं असन तं सकाळीच येजा, दुपारी दंडार आहे!"

तो आवाज कुठून कुठे गेला काय माहीत. फोन यायला लागले. "कोण गेलं?" "अरे, बायजाकाकू गेल्या म्हणतात, खरं का?" काकूंनी स्वतः फोन घेऊन सांगितलं, "हो जी, मीच बोलून राहिली. नाई, अजून नाई गेली. येजा."

तयारी सुरू झाली आणि खरं सांगते, त्या माळरानावर पहिल्यांदा जीव आला. सावली नव्हती ना? काकूंनी घरोघरच्या जुन्या साड्या आणि लुगडी मागितली. आम्ही त्या जोडून घराच्या छतापासून समोरच्या छतापर्यंत बांधल्या. हिरवी, जांभळी, किरमिजी सावली पडली गल्लीत. पोरं त्या सावल्यांतून उड्या मारत फिरायला लागली. मास्तरांच्या बायकोनं आपली लग्नातली पांढरी साडी दिली, ती काकूंनी दोन घरांच्या मधोमध बांधली. ढिवरांच्या बायांनी गाठी मारायला शिकवलं, कारण आमच्या गाठी वाऱ्यानं सुटत होत्या. ही सगळी माणसं मी इतकी वर्षं जुन्या गावात पाहिली होती, पण त्यांच्या स्वयंपाकघरात पाय त्या आठवड्यात पहिल्यांदा टाकला.

मंडईचा दिवस उजाडला. मी पहाटेपासून दारात. येतील का कोणी? रस्ता रिकामा. प्रकाश नवा शर्ट घालून उगाच खांबाला टेकलेला. दामूभाऊ पांढरी टोपी घालून, तोंड बांधल्यासारखे, ओट्यावर बसलेले. ऊन वर आलं. कोणी नाही. मी पदराचं टोक पिळत होते. काकूंकडे पाहिलं तर त्यांचाही हात पदराशी चाळा करत होता. तेवढं एकदाच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं.

आणि मग धूळ उठली. आधी एक ऑटो, मग बैलगाड्या, मोटारसायकली, एक अख्खी मिनीडोअर बायांनी भरलेली! उतरता उतरताच म्हाताऱ्या बायांनी गळा काढला, "अवं माय, गेलं वं गाव, कसं सोन्यासारखं होतं!" काकू धावत गेल्या. पहिलीच्या गळ्यात पडून अशा रडल्या, की मला वाटलं आता यांना आवरायचं कोणी? जुन्या घराचं दार आठवून रडल्या, नदीच्या काठाला निजवलेल्या आपल्या तान्ह्या लेकराचं नाव घेऊन रडल्या. ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. सगळी गल्ली रडली. मग त्यांनी नाक पुसलं, त्या बाईचा हात धरला आणि म्हणाल्या, "झालं? आता हात धुवा, वडे गरम आहेत."

पुढचं काय सांगू! पाहुण्यांनी कानोले, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, आणले होते, अनारसे आणले होते, बुंदी आणली होती. जो भेटेल त्याच्या तोंडात कोंबत सुटले. आणि घरं सारखी असल्यानं जो तो चुकला. भावाकडे आलेली बहीण मास्तरांकडे जेवली. एक जावई ढिवरांच्या घरी पंगतीला बसला आणि सासुरवाडीची भाजी या वेळी फार झकास झाली म्हणून सांगत सुटला. लोक वैतागून काकूंकडे आले, की पाहुण्यांची नुसती सरमिसळ झाली आहे, आता कसं करायचं? काकू कढईसमोरून उठल्यासुद्धा नाहीत. "ज्याच्या दारात आला त्यानं वाढा. जेवून झाल्यावर विचारा कोनाचा ते."

त्यांच्या स्वतःच्या ओट्यावरही एक पाहुणा जेवत होता. धोतर, जाकीट, मोठं माणूस दिसत होतं. पोटभर जेवून, हात पुसून त्यांनी विचारलं, "गनपत कुठं गेला जी?"

"कोन गनपत?" काकू म्हणाल्या.

"माहा चुलतभाऊ. हे त्याचं घर ना?"

"त्याचं घर तिसऱ्या रांगेत. हे माहं."

पाहुणे उभेच राहिले. लाजेनं चूर. "मंग तुमी मले वाढलं कायले, बाई?"

"तुमी बसले म्हनून. कोन्या गावचे?"

त्यांनी गाव सांगितलं. नाव सांगितलं. बिसनजी! काकूंच्या हातातला झारा कढईत पडला. मास्तरांच्या नातीला त्यांनी माझ्याकडे पळवलं. मी आले ती एका पायात चप्पल, हाताला पीठ. दारात उभी राहिले. बिसनजी माझ्याकडे पाहत नव्हते. ते गल्लीकडे पाहत होते. साड्यांच्या सावलीत कोण कोणाचा हात धरून कोणाच्या घरात चाललं होतं, काही पत्ता नव्हता, आणि पलीकडे दंडारीची ढोलकी सुरू झाली होती.

"मी म्हटलं होतं गाव बसू द्या," ते म्हणाले. "माही पोरगी घाबरट आहे जी. रस्ता लक्षात नाई राहत तिच्या. पन इथं चुकली, तरी उपाशी नाई राहनार."

मी काय केलं ते मला आठवत नाही. लोक सांगतात, मी पिठाच्या हातानंच प्रकाशचे गाल धरले आणि त्याच्या नव्या शर्टाची वाट लावली.

त्या दिवशी एकट्या दामूभाऊंनी गोड खाल्लं नाही. सोयरे त्यांच्या तोंडाशी कानोला घेऊन गेले, तर त्यांनी हात आडवा केला. "गावाचा निघाला असन. माहा नाई निघाला." काकूंनी आग्रह केला नाही. मला म्हणाल्या, "राहू दे. धान सारं एका दिवशी पिकते का? काही शेतं हलके, लवकर कापाले येते; काही भारी, उशिरानं. भाऊजी भारी वाणाचे आहेत."

लग्न झालं. अश्विनी आली. रस्ता तिच्या खरंच लक्षात राहायचा नाही. पहिल्या महिन्यात ती तीनदा काकूंच्या घरी स्वयंपाकाला लागली. काकू तिला लागू द्यायच्या!

एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर दामूभाऊ, काकू आणि आम्ही दोनचार जण बसलो होतो. दामूभाऊंचं नेहमीचं चाललं होतं. आपल्या गावचा वारा असा होता, आपल्या गावच्या विहिरीचं पाणी तसं होतं. अश्विनी चहा घेऊन आली. कप देता देता तिनं साधं विचारलं, "मामाजी, कोनत्या गावाचं बोलून राहिले जी?"

"आपल्या गावाचं, पोरी."

ती गोंधळली. एकदा गल्लीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "आपलं गाव तं हे आहे ना?"

तिनं काही सुनावलं नव्हतं. तिला दुसरं माहीतच नव्हतं. तिचं सासर हेच, तिची गल्ली हीच, उद्या तिची लेकरं या खांबांभोवतीच खेळणार. दामूभाऊंनी मान वर केली आणि समोरच्या पिवळ्या घरांकडे असं पाहिलं, जसं माणूस लांबच्या प्रवासातून उतरल्यावर पाहतं.

काकू उठल्या. माझ्या स्वयंपाकघरात गेल्या, डब्यातून चिमूटभर साखर घेऊन आल्या. आधी अश्विनीच्या तोंडात घातली. मग दामूभाऊंसमोर जाऊन बसल्या.

"तोंड उघडा, भाऊजी."

दामूभाऊंनी उघडलं.